चंद्रभागेचे पाणी येते कोठून, जाते कोठे?



आषाढीचे स्नान आटोपून आमच्या दिंडीतली मंडळी वाळवंटात ओली धोतरे-लुगडी पिळीत बसली होती. दिंडीत परभणीकडचे एक म्हातारे शेतकरी आहेत. शाळा फारशी शिकलेले नाहीत, पण डोके हिशेबाचे. पाण्याकडे बराच वेळ बघून ते मला म्हणाले, "माऊली, बत्तीस सालं झाली, याच जागी बुडी मारतो. दरसाली हे पाणी वाहून जातंय. एवढं पाणी जातं कुठं? आन् पुढल्या साली परत येतं कुठून? समुद्रात जातं म्हणावं, तर समुद्र भरून वर कसा येत नाही?"

त्या गर्दीत उत्तर देण्यास सवड नव्हती. मी म्हटले, "आबा, मासिकात सविस्तर लिहितो. नातवाकडून वाचून घ्या." तो शब्द आज पुरा करीत आहे. आबांचा प्रश्न साधा दिसतो, पण त्यात समुद्र, वारा, डोंगर, नदी असे सगळे येते. आणि अखेरीस तो आपल्याच वागणुकीपाशी येऊन थांबतो. तेव्हा एकेक पायरीने जाऊ.

पृथ्वीवर पाणी किती?

वारीच्या वाटेवर पाण्याचे टँकर उभे असतात, ते सर्वांच्या ओळखीचे आहेत. समजा, दहा हजार लिटरच्या एका टँकरात पृथ्वीवरचे सगळे पाणी भरले. समुद्र, बर्फ, नद्या, विहिरी, ढग, सगळे त्यात आले. खरे माप सुमारे १३८ कोटी ६० लाख घन किलोमीटर आहे. एक घन किलोमीटर म्हणजे एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल हौद. हा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून टँकरच बरा.

या १०,००० लिटरांपैकी सुमारे ९,७५० लिटर पाणी खारे आहे. ते ना पिण्याच्या उपयोगाचे, ना पिकाच्या. उरले २५० लिटर गोडे पाणी. त्यातलेही १७० लिटरांहून अधिक बर्फ होऊन बसले आहे. त्यातले बहुतेक दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडावर आणि उत्तरेकडील ग्रीनलंड बेटावर आहे. हिमालयाचे बर्फ आपल्याला अफाट वाटते, पण त्या मानाने ते थोडेच. सुमारे ७५ लिटर जमिनीच्या पोटात आहे. जगातल्या गोड्या पाण्याच्या सर्व सरोवरांचे मिळून पाऊण लिटरही भरत नाही. हवेत वाफ आणि ढग होऊन फिरणारे पाणी एका लहान पेल्याइतके.

आणि नद्या? गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी, कृष्णा, आपली भीमा, शिवाय परदेशातल्या नाईल आणि ॲमेझॉन यांसारख्या महानद्या, या सर्वांच्या पात्रांत एका वेळी असणारे पाणी त्या टँकराच्या हिशेबाने चहाचे तीन चमचे होते.

दहा हजार लिटरांत तीन चमचे! मग एवढ्याशा पाण्यावर गावेच्या गावे जगतात कशी? पंगतीत वाढप्याच्या हातातले भांडे लहानच असते. पण तो पुनःपुन्हा कोठीत जाऊन भरून आणतो, म्हणून शेकडो पाने वाढून होतात. नदीचे तसेच आहे. जगातल्या नद्यांचे पाणी सरासरी सोळा-सतरा दिवसांत बदलते. हवेतली वाफ तर आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते आणि तिच्या जागी दुसरी वर चढते. नदीत साठा थोडा असतो, पण फेरा थांबत नाही.

समुद्र खारा, मग पाऊस गोडा कसा?

वाढप्याची कोठी म्हणजे समुद्र. पृथ्वीच्या पाठीचा शंभरातला एकाहत्तर भाग समुद्राने झाकला आहे आणि त्याची सरासरी खोली साडेतीन किलोमीटरांहून जास्त आहे. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मग या खाऱ्या कोठीतून गोडे पाणी कसे निघते?

हे आपल्या स्वयंपाकघरात करून पाहता येते. पातेल्यात पाणी घ्यावे, त्यात मूठभर मीठ विरघळवावे आणि चुलीवर ठेवून वर झाकण टाकावे. पाण्याला कढ आला की झाकण चिमट्याने उचलावे आणि त्याच्या आतल्या बाजूचे थेंब निवल्यावर जिभेवर घ्यावे. ते गोडे लागतात. पातेल्यातले पाणी आटेपर्यंत ठेवले, तर मीठ बुडाशी पांढरे होऊन बसलेले दिसते. पाणी वर गेले, मीठ खाली राहिले.

समुद्राला चूल लागत नाही. सूर्याच्या उन्हाने कढ न येताही पाण्याची वाफ होते. दोरीवरचे ओले धोतर वाळते, तशीच. वाफ होताना पाणी एकटे वर जाते. मीठ, माती, घाण यांपैकी काही बरोबर नेत नाही. समुद्र खारा झाला तोही यामुळेच. पावसाचे पाणी खडकांतले क्षार थोडे थोडे विरघळवते, नद्या ते समुद्रात नेऊन टाकतात आणि समुद्राच्या तळाशी असलेल्या उष्ण भेगांतूनही काही क्षार येतात. ऊन पाणी उचलते आणि क्षार तेथेच ठेवते. असे कोट्यवधी वर्षे चालले आहे.

वाचकांनी पातेल्याची ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

समुद्र भरून का वाहत नाही?

आता आबांच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. दर वर्षी सर्व समुद्रांवरून मिळून सुमारे पाच लाख घन किलोमीटर पाणी वाफ होऊन वर जाते. त्यातले दहापैकी नऊ भाग पाऊस होऊन पुन्हा समुद्रावरच पडतात. उरलेला एक भाग वाऱ्याबरोबर जमिनीकडे येतो.

जमिनीवर वर्षाला सुमारे १ लाख १९ हजार घन किलोमीटर पाऊस पडतो. समुद्राकडून आले त्याहून हे अधिक कसे? तर जमिनीवरूनही वाफ उठते. ओली शेते, तळी, झाडांची पाने, उभी पिके, ही सगळी पाणी हवेत सोडतात. जमिनीवर पडलेल्या पावसाचा निम्म्याहून जास्त भाग असा पुन्हा वर जातो. राहिलेले सुमारे ४५ हजार घन किलोमीटर पाणी नद्यांतून आणि जमिनीखालून समुद्राला जाऊन मिळते. समुद्राकडून जेवढे आले तेवढेच परत गेले. म्हणून समुद्र भरून वाहत नाही आणि आटतही नाही.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. हा हिशेब आता किंचित बिघडला आहे. हवा तापल्यामुळे जमिनीवरचे बर्फ वितळून समुद्रात जात आहे, आणि तापलेले पाणी फुगतेही. त्यामुळे १९०१ पासून २०१८ पर्यंत समुद्राची पातळी सरासरी सुमारे २० सेंटीमीटर, म्हणजे वीतभर वर आली. नद्यांमुळे न भरलेला समुद्र माणसाच्या धुराने थोडा वर आला आहे.

समुद्रात गेलेला थेंब परत वर येण्यास सरासरी किती काळ घेतो? वर जाणारे पाणी आणि एकूण साठा यांचा भागाकार केला, तर उत्तर सुमारे तीन हजार वर्षे येते. काही थेंब दुसऱ्याच दिवशी वर जातात, काही खोल तळाशी युगानुयुगे राहतात. ही त्यांची सरासरी. तेव्हा आबा, गेल्या आषाढीला तुमच्या अंगावरून गेलेले पाणी यंदा परत आले असेल असे समजू नका. यंदाचे पाणी बहुतेक दुसरेच.

पाऊस भीमेपर्यंत कसा येतो?

उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा भरण्यास समुद्रावरून वारे धावतात. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातून निघालेले वारे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, तेथून वळतात आणि अरबी समुद्रावरून वाफ गोळा करीत आपल्याकडे येतात. केरळात ते सरासरी १ जूनला पोचतात. पुण्याच्या भागात साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतात.

त्यांच्या वाटेत सह्याद्री आडवा आहे. भरलेली हवा डोंगर चढू लागते आणि चढता चढता गार होते. गार हवेत वाफ मावत नाही. तिचे थेंब होतात आणि घाटमाथ्यावर धो धो पाऊस कोसळतो. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलीमीटरांच्या घरात पाऊस पडतो. तेथून पासष्ट किलोमीटरांवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. पुढे सोलापूर जिल्ह्यात पाचशे ते सातशे, तोही बेभरवशाचा. डोंगराच्या आडोशाच्या या भागास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. निघताना आळंदीला भिजलेला वारकरी माळशिरसच्या माळावर धूळ झाडीत चालतो, त्याचे कारण हे.

आणि जेथे पाऊस कमी, तेथल्या जमिनीच्या पोटातही पाणी थोडे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्याच्या वरच्या मुरमात आणि भेगांत पाणी मुरते तेवढेच. खाली घट्ट कातळ. म्हणून दिवाळीला भरलेली विहीर चैत्रात तळ दाखवते. तेव्हा या मुलखाची सारी भिस्त घाटमाथ्यावरून येणाऱ्या नद्यांवर आहे.

भीमा भीमाशंकरला उगवते. तेथून पश्चिमेचा समुद्र शंभर किलोमीटरही नाही. पण सह्याद्रीचा उतार पूर्वेकडे असल्याने ती समुद्राकडे पाठ करून निघते. सुमारे ८६० किलोमीटर चालून कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेस मिळते आणि कृष्णेबरोबर आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात जाते. पश्चिम समुद्राचे पाणी वाऱ्याने आणले आणि नदीने पूर्व समुद्रात नेऊन घातले. "येतं कुठून, जातं कुठं" याचे उत्तर हे असे आहे.

पालखीची वाट आणि पाण्याची वाट

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. लोणावळ्याच्या डोंगरात उगवलेली इंद्रायणी देहूवरून आणि आळंदीवरून वाहत तुळापूरला भीमेस मिळते. पवना, मुळा आणि मुठा पुणे परिसरात एकत्र होऊन पुढे भीमेतच येतात. सासवडची कऱ्हा नीरेस मिळते. जिच्या पाण्यात माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात ती नीरा नरसिंहपूरला भीमेस मिळते. त्याच्या खाली पंढरपूर. येथे नदी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून चंद्रभागा.

म्हणजे देहूची, आळंदीची, सासवडची पालखी ज्या गावी येते, त्याच गावी देहूचे, आळंदीचे, सासवडचे पाणीही येते. आळंदीच्या घाटावर जे नदीत टाकले, ते आळंदीत राहत नाही. त्याची वाट पंढरपूरकडे आहे.

मध्ये उजनीचे धरण आहे. १९८० साली ते पुरे झाले आणि त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. आषाढी पावसाळ्याच्या आरंभी येते, तेव्हा पंढरपूरला नदीस पाणी पुष्कळदा बेताचेच असते आणि यात्रेसाठी धरणातून सोडावे लागते. ज्या दिवशी नदीकाठी लाखो माणसे असतात, त्या दिवशी पाणी मोजके असते, ही गोष्ट विसरू नये.

पंढरपूरच्या खाली काय आहे? टाकळी येथे सोलापूर शहरासाठी याच नदीतून पाणी उचलतात. त्याच्या पुढे नदी कर्नाटकात शिरते. गाणगापूरचे दत्तस्थान तिच्याच काठी आहे. आपण ज्यास वाहते पाणी म्हणून मोकळे होतो, ते पुढच्या गावाच्या हंड्यात जाते.

वर जाते ते पाणी. मळ खालीच राहतो

आता पातेले आठवा. पुष्कळ भाविक म्हणतात, "नदीला काय होतंय? ती सगळ्यांचं पोटात घेती. वाहतं पाणी निर्मळ." यात थोडे तथ्य आहे. भरपूर पाणी जोराने वाहत असेल, तर हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो आणि बारीक जीवजंतू थोडीबहुत घाण खाऊन टाकतात. पण याला माप आहे. घाण फार आणि पाणी थोडे झाले, की नदीचे हे बळ संपते.

आणि ऊन जे उचलते ते केवळ पाणी. साबणाचा फेस, निर्माल्याबरोबरची प्लॅस्टिकची पिशवी, सोडून दिलेले वस्त्र, काठावरची विष्ठा, यांतले काही ढगात जात नाही. पाण्याचा फेरा पाणी परत देतो. मळ आपल्यापाशीच ठेवतो. समुद्रात जसे मीठ साचत गेले, तसा नदीत मळ साचतो.

पंढरपूरच्या यात्रेने याची किंमत मोजली आहे. एकोणिसाव्या शतकात यात्रेत पटकीची साथ पुनःपुन्हा उठे आणि वारकऱ्यांबरोबर गावोगाव जाई. लोक देवीचा कोप म्हणत, हवेचा दोष म्हणत. १८५४ साली लंडन शहरात जॉन स्नो या डॉक्टरांनी पटकीने मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली. बहुतेक घरे एकाच सार्वजनिक पंपाभोवती निघाली. रोग पाण्यातून येतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १८८३-८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी मिसर देशात आणि नंतर कलकत्त्यास त्या रोगाचा जंतू ओळखला. रोग्याच्या विष्ठेतला तो जंतू पाण्यात जातो आणि पिणाऱ्याच्या पोटात उतरतो. डोळ्यांस तो दिसत नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ असले तरी त्यात तो असू शकतो.

आज औषधोपचार आहेत, पाणी शुद्ध करण्याची सोय आहे. पूर्वीसारखे हाहाकार होत नाहीत. पण नदीची स्थिती सुधारली आहे असे म्हणवत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या दूषित नदीपट्ट्यांची यादी केली. तीत भीमा, इंद्रायणी, मुळा, मुठा आणि पवना ही नावे आहेत. हा दोष एकट्या वारकऱ्यांचा नव्हे. काठच्या शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी वर्षभर नदीत येते, वारकरी काही दिवस येतो. हे खरे. पण दुसऱ्याचा दोष मोठा म्हणून आपला लहान दोष नाहीसा होत नाही. आणि जो स्वतः नदी राखतो, त्यालाच दुसऱ्यास दोन शब्द सुनावण्याचा अधिकार येतो.

आपण काय करावे?

फार अवघड काही नाही. स्नान करावे, पण नदीत साबण लावू नये, कपडे धुऊ नयेत. जुने वस्त्र पाण्यात सोडण्यापेक्षा गरजू माणसास द्यावे. निर्माल्य घाटावरच्या कुंडात टाकावे किंवा गावी नेऊन झाडाच्या बुंध्याशी घालावे. अलीकडे वाटेवर आणि मुक्कामी फिरती शौचालये उभी करतात. तेथे रांग असली तरी थांबावे. वाळवंटात बसू नये. दिंडीप्रमुखांनी हे मुक्कामावरच निक्षून सांगावे.

तीर्थाविषयी थोडे नाजूक बोलतो, राग मानू नये. चंद्रभागेचे पाणी डोळ्यांना लावावे, मस्तकी घ्यावे. भाव तेवढ्याने पोचतो. पिण्यासाठी मात्र खळखळ उकळलेले किंवा औषध टाकलेलेच पाणी घ्यावे. लहान मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर यात हयगय करूच नये.

गाडगेबाबा (१८७६-१९५६) पंढरीस येत, तेव्हा खराटा घेऊन वाळवंट झाडून काढीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. त्यांना कोणी पाण्याचा हिशेब शिकवला नव्हता. आपण तो शिकलो आहोत, तेव्हा आपल्याकडून निदान नवी घाण तरी होऊ नये.

आबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे असे. पाणी जाते पूर्वसमुद्राला आणि येते पश्चिमसमुद्राकडून. ते परत आणण्याचे काम ऊन, वारा आणि सह्याद्री करतात. त्यात आपल्याला हात लावावा लागत नाही. आलेले पाणी जसे आले तसे पुढच्या गावाला देणे, एवढेच आपल्याकडे आहे. पुढल्या आषाढीला भेटू, तेव्हा यावर बोलू.

दिंडीत चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. पातेल्याचा प्रयोग घरी करून पाहा. झाकणावरचा थेंब गोडा का लागतो, हे मुलांना समजावून सांगा.

२. आपल्या गावचा ओढा कोणत्या नदीस मिळतो आणि ती नदी शेवटी कोणत्या समुद्रास जाते, हे नकाशावर शोधा. मुक्ताईनगरकडच्या मंडळींनी विशेष शोधावे. त्यांची तापी पश्चिमेस का जाते?

३. आपल्या दिंडीतल्या माणसांनी मागल्या वारीत नदीत काय काय सोडले, याची प्रामाणिक यादी करा. त्यातले पुढल्या वारीत काय टाळता येईल?

रामकृष्ण हरी.